संक्रांत ते शिमगा : सरत्या हिवाळ्याचे सण आणि मावळातील त्यांच्या खुणा

पौषाची कडाक्याची थंडी ओसरू लागली की मावळात सणांची एक लांब रांग सुरू होते. भोगी, संक्रांत, रथसप्तमी, माघी दशमी, माघी पौर्णिमा, महाशिवरात्र, होळी, धुळवड, तुकाराम बीज आणि रंगपंचमी असे एकामागून एक दिवस दोन-अडीच महिन्यांत येतात. प्रत्येक सणाची कथा निराळी, देवता निराळी आणि नैवेद्यही निराळा. त्यामुळे हे सण आपण सुटे सुटे ओळखतो. परंतु ते नेमके याच दिवसांत का येतात, हा प्रश्न विचारला, की निरनिराळ्या कथांच्या मागे एकच सूत्र दिसू लागते. ते सूत्र म्हणजे ऋतूंची मोजणी. सरत्या हिवाळ्याचे बहुतेक सण हे मुळात थंडी संपत असल्याचे आणि सूर्य परतत असल्याचे जाहीर करणारे दिवस होते. पुराणकथा त्यांना नंतर येऊन चिकटल्या.

या जुन्या मोजणीचा लेखी पुरावा शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कामशेतच्या पश्चिमेस, रेल्वेने मळवली हे पुढचेच स्थानक. तेथून जवळ असलेल्या कार्ल्याच्या लेण्यांत तो दगडावर कोरलेला आहे. म्हणूनच या सणांचा मागोवा कामशेत परिसरातून घेणे सोयीचे ठरते.

कामशेत आणि तीन मावळे

कामशेत हे इंद्रायणीच्या खोऱ्यातील बाजारपेठेचे गाव. मावळ तालुक्याचे नाणे मावळ, अंदर मावळ आणि पवन मावळ असे तीन भाग पूर्वापार मानले जातात. त्यांपैकी नाणे मावळात आणि पवन मावळात जाणाऱ्या वाटा कामशेतजवळून फुटतात. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, तेव्हापासून हे गाव रेल्वेच्या वाटेवर आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता गावातून गेला आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही याच खोऱ्यातून धावतो.

येथील मुख्य पीक भात. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेले ‘इंद्रायणी’ हे सुवासिक वाण आज महाराष्ट्रभर ओळखले जाते, आणि त्याला या नदीचेच नाव मिळाले आहे. भाताची कापणी दिवाळीच्या मागेपुढे होते. त्यानंतर खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा, मसूर, वाटाणा अशी कडधान्ये घेतली जातात. माघ संपता संपता तीही निघतात आणि शेत मोकळे होते. पुढच्या भाताच्या रोपवाटिकेसाठी जमीन भाजण्याचे, म्हणजे ‘राबा’चे काम तेवढे मागे राहते. धान्य घरात आले आहे, पाऊस दूर आहे आणि हाताला थोडी उसंत आहे, अशा या काळात सणांची आणि जत्रांची गर्दी व्हावी यात नवल नाही.

कार्ल्याच्या दगडावरील ऋतू

आज आपण वर्षाचे सहा ऋतू मानतो. त्या हिशेबाने माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. परंतु सातवाहनांच्या काळात व्यवहारात तीन ऋतूंचे वर्ष चालत होते. ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत असे हे तीन ऋतू प्रत्येकी चार महिन्यांचे, म्हणजे आठ पंधरवड्यांचे असत. शिलालेखांत महिन्याचे नाव न देता ऋतू, त्यातील पक्षाचा क्रमांक आणि दिवस एवढेच सांगितले जाई.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका लेखात वासिष्ठीपुत्र पुळुमावी राजाच्या सातव्या वर्षी, ग्रीष्माच्या पाचव्या पक्षाच्या पहिल्या दिवशी महारठी सोमदेवाने वलूरक लेण्यांतील भिक्षुसंघाला गाव दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात याच राजाच्या चोविसाव्या वर्षी, हेमंताच्या तिसऱ्या पक्षाच्या दुसऱ्या दिवशी हरफरण नावाच्या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप दिल्याचे नमूद आहे. वलूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचे जुने नाव. येथील आणखी एका लेखात ‘मामाड’ किंवा ‘मामाल’ असा प्रदेशाचा उल्लेख येतो आणि मावळ हे नाव त्यावरून आले असे अभ्यासक मानतात. हे लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आहेत.

या गणनेत कार्तिक पौर्णिमेनंतर हेमंत सुरू होई आणि फाल्गुन पौर्णिमेला संपे. फाल्गुन पौर्णिमा ते आषाढ पौर्णिमा हा ग्रीष्म आणि आषाढ पौर्णिमा ते कार्तिक पौर्णिमा हा पावसाळा. वैदिक परंपरेतही याच सांध्यांवर ‘चातुर्मास्य’ नावाचे यज्ञ होत. त्यांतील पहिला ‘वैश्वदेव’ फाल्गुनी अथवा चैत्री पौर्णिमेला करावा असे सांगितले आहे. गुरुपौर्णिमा, त्रिपुरी पौर्णिमा आणि होळी हे आजचे तीन ठळक दिवस वर्षाच्या या तीन सांध्यांवर बसलेले आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

हा हिशेब एकदा डोळ्यांपुढे ठेवला, की सरत्या हिवाळ्याचे सण आपापल्या जागी बसतात. माघ शुद्ध हा हेमंताचा सहावा पक्ष, माघ वद्य हा सातवा आणि फाल्गुन शुद्ध हा आठवा, म्हणजे शेवटचा. रथसप्तमी सहाव्या पक्षात येते, महाशिवरात्र सातव्याच्या अखेरीस आणि होळी आठव्याच्या अखेरच्या रात्री.

संक्रांत : सूर्याचा सण

या रांगेतील पहिला सण मात्र चंद्रावर चालत नाही. संक्रांत सूर्याच्या मकर राशीतील प्रवेशावर ठरते आणि म्हणूनच ती इंग्रजी तारखेप्रमाणे जवळजवळ स्थिर वाटते. तिचा मूळ अर्थ उत्तरायणाचा आरंभ. दक्षिणेकडे झुकत गेलेला सूर्य थांबून उत्तरेकडे वळतो आणि दिवस मोठा होऊ लागतो, त्या घटनेचा हा उत्सव.

आज हे दोन्ही दिवस एक नाहीत. दिवस मोठा होण्यास २१-२२ डिसेंबरलाच सुरुवात होते. संक्रांत त्यानंतर सुमारे २४ दिवसांनी येते. याचे कारण पृथ्वीच्या आसाची संथ परिभ्रमणगती. पंचांगातील वर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजले जाते, तर ऋतू सूर्याच्या अयनांवर अवलंबून असतात. या दोन वर्षांत सुमारे २० मिनिटांचा फरक आहे आणि तो साठत जाऊन सुमारे ७२ वर्षांत एक दिवस होतो. आजच्या प्रचलित अयनांशांनुसार मागे मोजत गेल्यास इसवी सन २८५ च्या सुमारास मकर संक्रमण आणि उत्तरायणारंभ एकाच दिवशी येत होते.

हा फरक इतिहासातही दिसतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, तो संक्रांतीचा दिवस होता. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली म्हणून ती संक्रांतीच्या दिवशी झाल्याचे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या काळी संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येत असे. विसाव्या शतकात १४ जानेवारी ही तारीख इतकी रूढ झाली, की ती कायमची आहे असा समज झाला. अलीकडे मात्र काही वर्षी १५ जानेवारी येते. २०२४ ची संक्रांत १५ तारखेला होती, २०२५ ची पुन्हा १४ ला.

सणाच्या रीतींत मात्र शेताचाच वास आहे. आदल्या दिवशीच्या भोगीला घेवडा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा अशी हंगामातील मिळून भाजी होते आणि तिच्यासोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. मावळ हा भाताचा मुलूख. बाजरी आणि तीळ पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या देशावरचे. एरवी तांदळाची भाकरी भाजणाऱ्या घरातही भोगीला बाजरी थापली जाते, यावरून सण मुलुखाच्या सीमा कशा ओलांडतात हे कळते. सुगडात भरले जाणारे हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाची कांडी, गव्हाची ओंबी आणि तिळगूळ ही त्या आठवड्यातील रानाची यादीच होय. ‘सुगड’ हा शब्द ‘सुघट’वरून आला. मातीच्या नव्या घटात नवे पीक भरून ते दुसरीला वाण म्हणून देणे, हा या सणाचा गाभा आहे. लहान मुलांचे बोरन्हाणही याच दिवसांतले.

रथसप्तमी आणि माघी दशमी

संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते. माघ शुद्ध सप्तमीच्या या दिवशी पाटावर सूर्याचा रथ काढून पूजा करतात. अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध तापवून ते उतू जाऊ देतात. सूर्याचा रथ आता उत्तरेकडे वेगाने निघाला, अशी या दिवसाची समजूत.

येथे एक कोडे उभे राहते. सूर्य संक्रांतीलाच वळला असेल, तर रथसप्तमीला पुन्हा त्याच्या रथाची पूजा कशासाठी? त्याचे उत्तर अधिक जुन्या गणनेत मिळते. वेदांग ज्योतिषात पाच वर्षांच्या युगाचा आरंभ माघ शुद्ध प्रतिपदेला, उत्तरायणाच्या आरंभासह सांगितला आहे. म्हणजे राशींची कल्पना आपल्याकडे रूढ होण्यापूर्वी उत्तरायणाचे नाते माघाच्या शुक्ल पक्षाशी जोडलेले होते. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी येणारी भीष्माष्टमी हेच सुचवते. शरशय्येवरील भीष्मांनी उत्तरायणाची वाट पाहिली आणि मग देह ठेवला, अशी महाभारताची कथा. आणि परंपरेने त्यांची तिथी माघ शुद्ध अष्टमी. रथसप्तमी आणि संक्रांत यांच्याकडे एकाच घटनेच्या दोन निरनिराळ्या काळांतील नोंदी म्हणून पाहता येते. समाजाने जुनी पुसली नाही आणि नवी नाकारलीही नाही.

याच पक्षात माघ शुद्ध पंचमीला वसंत पंचमी येते. पंढरपुरात त्या दिवशी विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो. पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होत असला तरी त्याची चाहूल येथे दिली जाते. मावळच्या डोंगरांतही साधारण याच सुमारास काटेसावर, पळस आणि पांगारा पाने टाकून फुलांनी पेटू लागतात.

माघ शुद्ध दशमी हा मावळच्या वारकऱ्यांचा खास दिवस. या तिथीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी तुकाराम महाराजांना स्वप्नात अनुग्रह दिला अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. महाराजांच्या चिंतनाची जागा असलेल्या, इंदोरीजवळील भंडारा डोंगरावर या निमित्ताने हरिनाम सप्ताह, गाथा पारायण आणि कीर्तने होतात, व परिसरातील गावांतून दिंड्या डोंगर चढतात. ऋतुचक्राच्या सणांच्या शेजारी संतचरित्रातील तिथी कशी रुजते, याचे हे जवळचे उदाहरण.

माघी पौर्णिमा आणि जत्रांचे दिवस

माघी पौर्णिमेला बौद्ध परंपरेत विशेष स्थान आहे. वैशालीच्या चापाल चैत्यापाशी भगवान बुद्धांनी तीन महिन्यांनंतर आपले महापरिनिर्वाण होईल असे सांगितले, ते या पौर्णिमेला, अशी परंपरा आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे ही मावळातील तीन मोठी लेणी बौद्धांची. आधुनिक काळात या परंपरेचा धागा देहूरोडला पुन्हा जोडला गेला. तेथील विहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली.

माघी पौर्णिमेपासून गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रांचेही दिवस सुरू होतात आणि ते चैत्रापर्यंत चालतात. कार्ल्याच्या डोंगरावरील एकवीरा देवीची मोठी यात्रा चैत्रातली. पालखी, छबिना, कुस्त्यांचा फड, तमाशा आणि बैलगाडा शर्यत ही जत्रेची ठरलेली अंगे. त्यांपैकी बैलगाडा शर्यत सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने बंद झाली. डिसेंबर २०२१ मध्ये तिला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. शर्यतीच्या बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ही शर्यत जत्रेच्या पंचांगात बसली ती भाताची कामे आटोपून बैल मोकळे झालेले असत म्हणून. नांगराला ट्रॅक्टर आला आणि शर्यतीचा बैल हा शेतीच्या बैलाहून वेगळा पोसला जाऊ लागला, तेव्हा सणाचे आणि शेतीचे नाते आतून बदलले.

महाशिवरात्र

प्रत्येक महिन्याची वद्य चतुर्दशी ही शिवरात्रच. त्यांतील माघ वद्य चतुर्दशी ती महाशिवरात्र. उत्तर भारतात पौर्णिमेला महिना संपतो, म्हणून तेथे हाच दिवस फाल्गुन कृष्ण चतुर्दशी म्हणून ओळखला जातो. दिवस एकच, नाव तेवढे वेगळे. रात्रभर शिवलिंगाजवळ जागणाऱ्या आणि नकळत बेलाची पाने वाहणाऱ्या व्याधाची कथा, लिंगाच्या प्रकट होण्याची कथा, शिवपार्वतीच्या विवाहाची कथा अशा अनेक कथा या रात्रीशी जोडलेल्या आहेत. अंधाऱ्या पंधरवड्याच्या जवळजवळ शेवटी, जागून काढावयाची ही रात्र आहे. ‘शिव शिव’ म्हणत थंडी निघून जाते, अशी लोकांची बोली आहे आणि मावळातला अनुभवही साधारण तसाच. उपासाच्या ताटातील रताळी, वरई आणि कवठाची चटणी हीसुद्धा या हंगामाचीच देणगी.

कामशेतहून नाणे मावळात आत गेले की जांभवलीजवळ कोंडेश्वराचे जुने मंदिर लागते. डोंगराच्या कुशीतील या देवळात शिवरात्रीला भाविकांची रीघ लागते. तालुक्याच्या पूर्व टोकाला, तळेगाव आणि देहूरोड यांच्या दरम्यान, घोरावडेश्वराच्या डोंगरावरही मोठी गर्दी होते. हा डोंगर म्हणजे शेलारवाडीची लेणी. मुळात ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली आणि पुढे तेथे शिवलिंगाची स्थापना झाली.

या लेण्यातील एक ब्राह्मी लेख मुद्दाम सांगण्यासारखा आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबिकाच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या, पत्नीने हे लेणे दान दिले, असे त्यात म्हटले आहे. तिचे नाव सिअगुतणिका. लेखातील ‘कुडुबिक’ आणि आजचा ‘कुणबी’ हे शब्द एकमेकांचे नातलग मानले जातात. ज्या लेण्यात आज शेतकरी कुटुंबे शिवरात्रीला डोंगर चढून येतात, ते लेणे सुमारे १८०० वर्षांपूर्वी एका शेतकरी स्त्रीने दिलेले आहे. उपास्य बदलले, पूजाविधी बदलला, पण शेतकऱ्याने डोंगरावरच्या पवित्र जागेशी नाते ठेवण्याची रीत टिकली. सणांचे मूळ शोधताना एकाच धर्माच्या एकाच ग्रंथात ते सापडेल असे मानू नये, हा धडा या लेण्याइतका स्पष्टपणे क्वचितच कोठे मिळतो.

होळी आणि शिमगा

हेमंताची अखेरची रात्र म्हणजे फाल्गुन पौर्णिमा. तैत्तिरीय संहितेत फाल्गुनी पौर्णिमा हा वर्षाचा आरंभ सांगितला आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ या ग्रंथात अशाच उल्लेखांच्या आधारे वेदकाळ ठरविण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे सर्व निष्कर्ष आज मान्य नसले, तरी सणांच्या तिथींत जुन्या वर्षारंभांचे अवशेष दडलेले असतात, हा त्यांचा विचार पुढील संशोधनाला वाट दाखविणारा ठरला.

होळीचा उल्लेख ‘होलाका’ या नावाने पूर्वमीमांसेच्या चर्चेत येतो. शबरस्वामींच्या भाष्यात ती पूर्वेकडील लोकांची रीत म्हणून सांगितली आहे. ग्रंथात आधार नसलेल्या लोकाचाराला प्रमाण मानावे की नाही, या वादाचे ते उदाहरण होते. म्हणजे होळी प्रथम लोकांची होती आणि शास्त्राने तिची दखल नंतर घेतली. महाराष्ट्रात या सणाचे रूढ नाव शिमगा. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या ‘देशीनाममाला’ या कोशात ‘सुगिम्हअ’ हा शब्द फाल्गुनोत्सव या अर्थी दिला आहे. त्याचे संस्कृत रूप ‘सुग्रीष्मक’. त्यापासून शिग्मा आणि वर्णविपर्ययाने शिमगा, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. थोडक्यात, शिमगा या नावातच ग्रीष्म आहे. कार्ल्याच्या लेखांतील ‘गिम्ह’ तो हाच. त्या गणनेप्रमाणे पाहिल्यास धुळवड हा उन्हाळ्याचा पहिला दिवस ठरतो. हालाच्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहातही फाल्गुनाच्या उत्सवाचे आणि त्यातील चिखलफेकीचे उल्लेख आहेत. तेव्हा धुळवडीची धूळ पुष्कळच जुनी आहे.

होलिका आणि प्रल्हादाची कथा सर्वपरिचित आहे. महाराष्ट्रात भविष्योत्तर पुराणातील ढुंढा राक्षशिणीची कथाही सांगितली जाते. मुलांना पीडा देणारी ही राक्षशीण अग्नी पेटवून, आरडाओरडा करून आणि अपशब्द उच्चारून पळवून लावली, म्हणून होळीभोवती बोंब मारतात. दक्षिणेत याच पौर्णिमेला कामदहन होते. तीन कथा, तीन प्रदेश. पण कृती एकच. जुने, वाळलेले आणि नकोसे ते अग्नीत घालावे आणि नव्या ऋतूत जावे.

मावळात होळीच्या मध्यभागी एरंडाची फांदी रोवून भोवती गोवऱ्या आणि लाकडे रचतात. पुरणपोळीचा नैवेद्य अग्नीला देतात. दुसऱ्या दिवशी त्याच निखाऱ्यांवर पाणी तापवून अंघोळ करण्याची आणि कपाळाला राख लावण्याची चाल जुन्या घरांत आढळते. सह्याद्रीच्या कुशीतील कातकरी आणि ठाकर वस्त्यांवर शिमगा हा वर्षातील मोठा सण असतो.

उन्हाळ्याचा पहिला पंधरवडा

होळीनंतर लगेच येणाऱ्या तीन तिथी तिन्ही अंगांनी मराठी आहेत. फाल्गुन वद्य द्वितीया म्हणजे तुकाराम बीज. या दिवशी देहूला लाखो वारकरी जमतात आणि दुपारी महाराजांच्या वैकुंठगमनाच्या वेळी नांदुरकीच्या वृक्षावर पुष्पवृष्टी होते. कामशेत ते देहू हे अंतर इंद्रायणीच्या काठाने जोडलेले, त्यामुळे मावळातून पायी जाणाऱ्या दिंड्या पुष्कळ.

फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही शिवाजी महाराजांची जन्मतिथी. राज्य शासनाने जयंतीसाठी १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली आहे आणि अनेक मंडळे तिथीनेही उत्सव करतात. येथेही प्रश्न कालगणनेचाच आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची. आजच्या ग्रेगरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च ठरतो. दोन्ही दिवशी लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या मावळच्या गडांवरून शिवज्योत नेणाऱ्या तरुणांच्या तुकड्या दिसतात.

फाल्गुन वद्य पंचमी ही रंगपंचमी. महाराष्ट्रात रंग खेळण्याचा मूळ दिवस हा, आणि धुळवड ही राखेची व मातीची. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या प्रभावाने गेल्या काही दशकांत रंग एक पायरी अलीकडे, धुळवडीवर आला आणि रंगपंचमी अनेक शहरांत फिकी पडली. पूर्वी रंग पळसाच्या फुलांचा करीत. पळस नेमका याच पंधरवड्यात फुललेला असतो. सणाचा दिवस, रंगाचे साधन आणि उन्हाळ्याचे आगमन यांची ही सांगड होती.

सरकणारे सण, बदलणारे रान

चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरून ही तूट भरून काढली जाते. त्यामुळे होळी कधी मार्चच्या आरंभी, तर कधी अखेरीस येते; २०२४ साली ती २४ मार्चला होती आणि २०२५ साली १३ मार्चला. हा चढउतार दर काही वर्षांनी भरून निघतो. संक्रांतीच्या संदर्भात पाहिलेली ७२ वर्षांना एक दिवस ही सरक मात्र भरून निघत नाही. पुळुमावीच्या काळाच्या तुलनेत आजची होळी ऋतूच्या मानाने सुमारे साडेतीन आठवडे उशिरा येते. थंडीला निरोप देणारा अग्नी आज बहुधा उन्हाचा चटका सुरू झाल्यावर पेटतो, त्याचे एक कारण हे आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात पंचांगाच्या सायन-निरयन प्रश्नाची सविस्तर चर्चा केली होती. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून ऋतूंना बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. ती शासकीय कागदांवर राहिली. सण जुन्याच वाटेने चालत आहेत.

मावळात याच्या जोडीला दुसरी, अधिक वेगवान सरक सुरू आहे. द्रुतगती मार्गानंतर भातखाचरांच्या जागी फार्महाऊस, प्लॉट आणि गृहप्रकल्प येत गेले. कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंगचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि अनेक तरुणांच्या घरचे वर्ष आता भातावर नव्हे, तर पर्यटकांवर मोजले जाते. सुगडातले हरभऱ्याचे घाटे बाजारातून विकत आणणारे घर आज या मुलुखातही अपवाद राहिलेले नाही. पंचांगातला फरक दिसू लागायला एक आयुष्य जावे लागते. शेतातला बदल एका पिढीत झाला.

म्हणून या सणांची मुळे ठाऊक असणे ही केवळ हौसेची बाब राहत नाही. सणाचा गाभा ऋतूची ओळख हा आहे असे एकदा कळले, की काय जपावे आणि काय सोडावे हे ठरविणे सोपे जाते. होळीसाठी उभे झाड तोडण्यात परंपरा नाही, कारण परंपरा वाळलेले जाळण्याची आहे. रासायनिक रंगाला जुना आधार नाही, पळसाच्या फुलांना आहे. संक्रांतीच्या वाणात प्लास्टिकच्या वस्तूंपेक्षा मूठभर नवे धान्य अधिक शोभते. आणि मावळच्या डोंगरावर पळस, सावर, पांगारा उभे राहिले, इंद्रायणीकाठी थोडी तरी खाचरे पिकत राहिली, तरच पुढच्या पिढीला शिमगा हा शब्द उन्हाळ्याचा होता हे पुस्तक न उघडता कळेल.

एका दृष्टिक्षेपात

भोगी व मकरसंक्रांत : १३-१४ किंवा १४-१५ जानेवारी, सूर्याचे मकर संक्रमण.
वसंत पंचमी : माघ शुद्ध ५, वसंताची चाहूल.
रथसप्तमी : माघ शुद्ध ७, उत्तरायणाची जुनी खूण.
माघी दशमी : माघ शुद्ध १०, तुकाराम महाराजांचा अनुग्रहदिन, भंडारा डोंगर.
माघी पौर्णिमा : बौद्ध परंपरेतील पुण्यदिन, ग्रामजत्रांचा आरंभ.
महाशिवरात्र : माघ वद्य १४; कोंडेश्वर, घोरावडेश्वर.
होळी : फाल्गुन पौर्णिमा, तीन ऋतूंच्या गणनेत हिवाळ्याचा शेवट.
धुळवड : फाल्गुन वद्य १, त्याच गणनेत उन्हाळ्याचा पहिला दिवस.
तुकाराम बीज : फाल्गुन वद्य २, देहू.
शिवजयंती (तिथीने) : फाल्गुन वद्य ३.
रंगपंचमी : फाल्गुन वद्य ५.